डोंगराची जुनी शिवण

मेघदूतातला ढग रामगिरीवरून निघतो आणि अलकेला पोहोचतो, एवढे आम्हां साहित्याच्या लोकांना पाठ असते. वाटेत आम्रकूट लागतो, विंध्याच्या पायथ्याशी खडकांवर विखुरलेली रेवा लागते, मग दशार्ण, विदिशा, उज्जयिनी आणि अखेरीस हिमालय. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे साधार मांडले. छत्तीसगडातल्या रामगढचा पक्ष घेणारेही आहेत, आणि तो वाद परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत अजून अधूनमधून डोके वर काढतो. आम्ही नागपूरकर, त्यामुळे आमचा पक्ष कोणता हे सांगायला नको. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही रामटेकला अनेकदा गेलो, गडावरच्या वाकाटककालीन मंदिरांपुढे उभे राहून यक्षाविषयी बोललो. परंतु ज्या डोंगरावर उभे राहून बोलत होतो तो कशाचा आहे, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. तो विचारला एका विद्यार्थिनीने. पायऱ्यांजवळच्या खडकातले अभ्रकाचे चमचमते कण नखाने उचलून पाहत तिने विचारले, ‘सर, नागपूरचा दगड तर काळा असतो ना?’

त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचाच उशिरा झालेला प्रयत्न आहे.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. नागपूर शहर दोन दगडांवर वसलेले आहे. पश्चिमेकडचा भाग, म्हणजे सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स वगैरे, हा सह्याद्रीपासून अखंड पसरत आलेल्या काळ्या बेसाल्टचा. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांची ही जवळजवळ पूर्व सीमा. शहराच्या पूर्वेकडे गेले की हा काळा दगड संपतो आणि त्याच्या खालचा फार प्राचीन, पट्टेदार, नाइस नावाचा खडक उघडा पडतो. उत्तरेला कामठी-सिल्लेवाड्याकडे वाळूचे खडक आणि त्यांच्या पोटात कोळसा. लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कोळसा पंचवीस कोटींहून जुना, आणि नाइस अब्जांच्या हिशेबातला. सायकलवर एका दिवसात हे तिन्ही काळ पाहून घरी परत येता येते. अशी सोय फार थोड्या शहरांना असेल.

दुसरा भाग मात्र सोपा नाही. रामटेकचा डोंगर हा एका नाहीशा झालेल्या पर्वतरांगेचा बुंधा आहे. छिंदवाड्याकडून नागपूर, भंडारा आणि पुढे बालाघाटपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरचा हा पट्टा. एके काळी येथे भूकवचाचे दोन मोठे तुकडे एकमेकांवर आदळले आणि मधला गाळ चुरगळून, भाजून, घड्या पडून उभा राहिला. तो पर्वत झिजून गेला. उरली ती त्याची मुळे, आणि मुळांपेक्षाही महत्त्वाची अशी एक गोष्ट: दोन तुकडे जिथे जोडले गेले ती शिवण. येथील पुढच्या सगळ्या उलाढालींवर या शिवणीचा अंमल राहिला. समुद्र कुठे शिरावा, जमीन कुठे खचावी, लाव्ह्याने कोणत्या भेगेतून वर यावे, आणि १९९७ साली जबलपूरची घरे का पडावीत, यांतल्या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात ती कुठे ना कुठे येते. पर्वत कोऱ्या कागदावर लिहिला जात नाही, हे आज भूविज्ञानातले जवळजवळ सर्वमान्य मत आहे. ते मत बनण्याच्या इतिहासातली काही महत्त्वाची पाने नागपूरच्या आसपास लिहिली गेली, आणि त्याची आठवण नागपुरातही फारशी कोणाला नाही.

त्यातले पहिले नाव स्टीफन हिस्लॉपचे. त्यांच्या नावाचे महाविद्यालय (स्थापना १८८३) नागपुरात सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी केलेले काम ठाऊक असलेले कमी. स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यातल्या डन्स गावी १८१७ साली त्यांचा जन्म झाला. योगायोग असा की सीताबर्डीची लढाईही त्याच वर्षी नोव्हेंबरात झाली. आणखी एक योगायोग अधिक अर्थपूर्ण आहे. याच परगण्याच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंट नावाचा कडा आहे. १७८८ साली जेम्स हटन मित्रांना घेऊन होडीतून तेथे गेला आणि खाली उभे झालेले जुने थर, वर आडवे पडलेले नवे थर, असे एकाच कड्यात दाखवून पृथ्वीचे वय माणसाच्या कल्पनेबाहेरचे आहे हे त्याने पटवले. त्या मातीतला हा तरुण फ्री चर्चचा मिशनरी म्हणून १८४५ साली नागपूरला आला. धर्मप्रसार आणि शाळा ही त्यांची दिवसाची कामे. दौऱ्यांवर असताना खडक, जीवाश्म, वनस्पती, भाषा, लोककथा असे जे दिसेल ते त्यांनी टिपून ठेवले.

सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ साली छापला गेला. टाकळीच्या आसपास लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडलेली गोड्या पाण्यातली शंखशिंपले, कामठीच्या वाळूखडकातली पानांची ठसे, चांद्याकडच्या मांगलीची उभयचर प्राण्याची कवटी (तिचे वर्णन रिचर्ड ओवेनने केले) हे सारे त्यांच्या संग्रहातून जगापुढे आले. या निबंधाचे खरे मोल आम्हांला दिसते ते क्रम लावण्यात. कोणता खडक कोणाच्या खाली, कोण आधीचा, कोण नंतरचा, ही पाठचिकित्सकाची शिस्त हिस्लॉपपाशी होती. हस्तलिखितांची वंशावळ लावणाऱ्यांना ती लगेच ओळखू येईल.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून बोरीच्या मुक्कामाला परतताना रात्री पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. वय पुरते ४६ही नव्हते. त्यांच्या मागे राहिलेले गोंडांविषयीचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. लिंगोचे गोंडी गीत छापील रूपात आले ते या ग्रंथातून. साहित्याच्या अभ्यासकांनी हा ग्रंथ पाहिलेला असतो, भूविज्ञानाच्या अभ्यासकांनी १८५५चा निबंध पाहिलेला असतो, आणि दोन्ही लिहिणारा माणूस एकच होता हे दोघांच्याही गावी नसते. असो.

गोंडांचे नाव आले म्हणून एक उपकथा. भारतातल्या कोळसाधारी थरांना ‘गोंडवन’ हे नाव मेडलिकॉट यांनी सुचवले आणि फाइस्टमांटेल यांनी १८७६ साली छापून रूढ केले. गोंडांच्या मुलखातले म्हणून गोंडवन. पुढे व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूस यांना भारत, आफ्रिका आदी दक्षिणेकडच्या भूभागांवर तीच वनस्पती सापडते हे जाणवले आणि त्यांनी त्या कल्पित एकसंध भूमीला ‘गोंडवनालँड’ म्हटले. ‘वन’ आणि ‘लँड’ अशी दोनदा जमीन जोडली गेल्याची तक्रार आजवर अनेकांनी केली आहे, पण नाव टिकले. नागपूर ज्याने वसवले तो बख्त बुलंद शाह देवगडचा गोंड राजा. त्याच्या जमातीचे नाव एका अख्ख्या महाखंडाला मिळाले. नागपूरच्या झीरो माइलवर फोटो काढून घेणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते.

झ्यूस यांचा आणखी एक शब्द आमच्या विषयाच्या केंद्राशी आहे. युरोपातल्या जुन्या, झिजलेल्या पर्वतांचा अभ्यास करताना त्यांना दिसले की नंतरच्या काळातल्या हलक्या घड्या पुन्हा पुन्हा त्याच जुन्या दिशांनी पडलेल्या आहेत. अशा घड्यांना त्यांनी ‘मरणोत्तर’ म्हटले. पर्वत मेला, पण त्याची वळणे मेली नाहीत. शब्द थोडा नाट्यपूर्ण आहे खरा, आणि पुढच्या भूवैज्ञानिकांनी तो बाजूला ठेवून ‘वारसा’ हा शब्द पत्करला. आम्हांला जुनाच अधिक आवडतो.

आता पुन्हा रामटेककडे. विसाव्या शतकाच्या प्रारंभाच्या सुमारास या टापूत मँगनीजच्या खाणी उघडल्या. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव, भंडाऱ्याकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पलीकडे बालाघाट, उकवा, तिरोडी. पोलादासाठी मँगनीज लागते, आणि तेव्हा पोलादाची भूक वाढतच होती. या खाणींमुळे लुईस ली फर्मोर यांना येथे काम मिळाले. त्यांचा भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ १९०९ साली निघाला. येथील एका विशिष्ट खडकाला, ज्यात गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट असते, त्यांनी गोंडांवरूनच ‘गोंडाइट’ हे नाव दिले. हे थर मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला मँगनीजयुक्त गाळ असून नंतर उष्णतेने आणि दाबाने रूपांतरित झाले, ही त्यांची मांडणी गाभ्यात आजही टिकून आहे. म्हणजे रामटेकच्या आसपास एके काळी समुद्र होता. अभ्रकाचे ते चमकते कण म्हणजे त्याच्या चिखलाचे भाजून झालेले रूप.

या खडकांच्या मालिकेला सौंसर हे नाव मिळाले. सौंसर गाव आज मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. मालिकेतल्या थरांची नावे मात्र आम्हांला विशेष मोहवतात: सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिचुआ. एस. नारायणस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली हा क्रम पक्का केला. जगभरच्या संशोधनपत्रिकांत आज ‘चोरबावली’ आणि ‘जुनेवानी’ निमूटपणे छापून येतात. बसस्टँडवर कंडक्टर ज्या नावांनी ओरडतो तीच. मनसरचे तर दुहेरी नशीब. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांना मनसर म्हणजे वाकाटकांचे अवशेष, काहींच्या मते दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरपूर (मिराशींच्या मते ते पवनार); खडकांच्या अभ्यासकांना मनसर म्हणजे मँगनीजचा थर. दोन्ही मंडळी एकाच चहाच्या टपरीवर बसतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

फर्मोर यांनी पट्ट्याचा तपशील दिला, परंतु या पट्ट्याची रचना समजली ती विल्यम डिक्सन वेस्ट यांना, आणि त्यांच्या बाबतीत प्रवासाची दिशा कालिदासाच्या ढगाच्या नेमकी उलट आहे. १९२८ साली पिलग्रिम आणि वेस्ट यांचा सिमल्याच्या खडकांवरचा प्रबंध निघाला. हिमालयात जुने खडक नव्यांच्या डोक्यावर बसलेले दिसतात, कारण मैलोगणती जाडीचे पत्रे एकमेकांवर सरकले आहेत, हे त्यात दाखवले होते. अशा सरकलेल्या पत्र्याला भूविज्ञानात ‘नॅप’ म्हणतात. फ्रेंचमध्ये याचा साधा अर्थ मेजावर अंथरायचे कापड. मेजावरचे कापड एका बाजूने ढकलले की ते चुण्या पाडत पुढे सरकते आणि स्वतःवरच दुमडते, तसे. आल्प्समध्ये मार्सेल बेर्त्राँ यांनी १८८४ साली हे ओळखले होते. वेस्ट हिमालयातून हे डोळे घेऊन नागपूर जिल्ह्यात आले आणि जबलपूर रस्त्यावरच्या देवलापारच्या आसपास त्यांना तेच दिसले. एकाच वयाचे पण वेगळ्या परिस्थितीत साचलेले थर एकमेकांवर पडले होते. मधले कित्येक किलोमीटरचे अंतर हरवले होते. १९३६ साली त्यांनी ‘देवलापार नॅप’ मांडला. ज्याला तोवर लोक भारताचा सर्वांत निश्चल भाग समजत होते, तिथे आल्प्ससारखी घडी. पुढे या नॅपच्या तपशिलावर वाद झाले, काहींनी त्याचे चित्र बरेच बदलले. पण येथे एके काळी पर्वत उभा होता हे त्यानंतर कोणी नाकारले नाही.

देवलापारकडे आम्ही अलीकडेच मुद्दाम जाऊन आलो. पाहण्यासारखे काही दिसेल या अपेक्षेने कोणी जाऊ नये. सागवान, झुडपी जंगल, पेंचकडे जाणाऱ्या गाड्या आणि मधूनमधून कमरेएवढ्या उंचीचे पांढुरके संगमरवरी खडक. एका नाल्यात बोटभर जाडीचा थर स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखा वळलेला दिसला. त्या पिनेवर हात ठेवून आम्ही काही वेळ बसलो.

वेस्ट पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर सागर विद्यापीठात भूविज्ञानाचा विभाग उभारून तिथेच राहिले. तेथून १९६२ साली त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये नर्मदा-शोण खोऱ्याच्या रेषेवर एक छोटे टिपण लिहिले. आमच्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत मोलाचा मजकूर. त्यांचे निरीक्षण असे: विंध्य समूहाचे थर या रेषेच्या उत्तरेला साचले, गोंडवनचे थर दक्षिणेला. म्हणजे अब्ज वर्षांपूर्वीच्या सुमारास रेषेच्या उत्तरेची जमीन खचत होती, तर पुढे गोंडवन काळात दक्षिणेची. पाळी उलटली, रेषा तीच राहिली. नकाशावर नर्मदा आणि शोण एका सरळ ओळीत वाहतात हे शाळकरी मुलालाही दिसते. ती ओळ नद्यांनी कोरलेली नाही, त्यांना ती आयती मिळाली, हे वेस्ट यांनी सांगितले.

जुनी शिवण कमकुवत का राहते? कारणे अनेक. दोन तुकडे एकमेकांवर घासताना मधला खडक दळला जातो, त्यात अभ्रकासारखी पापुद्र्यांची खनिजे एका दिशेने मांडली जातात आणि पुढे खडक त्या पापुद्र्यांवरून सहज घसरतो. भेगेतून पाणी फिरते, ते खनिजे कुजवते आणि दाब वाढवते. शिवाय दोन्ही बाजूंच्या प्राचीन ढालप्रदेशांची मुळे जाड आणि थंड असतात. ताण आला की ती वाकत नाहीत, तो मधल्या पट्ट्याकडे ढकलतात. आमच्याकडे उत्तरेला बुंदेलखंडाची ढाल, दक्षिणेला बस्तरची, ज्यातले काही खडक तीन अब्ज वर्षांहून जुने आहेत. मध्ये सातपुडा. मंदाक्रांतेची ओळ म्हणताना श्वास तुटायचा झाला तर तो चौथ्या किंवा दहाव्या अक्षरानंतर तुटतो, कारण यती तिथे आहे. दगडाचेही असेच काहीसे आहे. ‘पुसून पुन्हा लिहिलेल्या पोथी’ची उपमा अशा ठिकाणी फार वापरली जाते, पण ती येथे अपुरी पडते असे आम्हांला वाटते: पुसलेले अक्षर नव्या मजकुराला कुठे थांबायचे ते सांगत नाही.

या यतीवर कोण कोण थांबले ते पाहावे. पहिला थांबा ढालींच्या टकरीचा. ती एकदाच झाली की अनेक टप्प्यांत, याविषयी मतभेद तीव्र आहेत. सौंसर पट्ट्यातल्या रूपांतराचे वय कोणी दीड अब्ज वर्षांपलीकडे नेतो, कोणी एक अब्जाच्या आसपास आणतो, आणि कोणता तुकडा कोणाखाली गेला यावरही एकमत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने मुंगवानी ते राजनांदगाव रेषेवर भूकंपलहरींनी खोलवर पाहिले तेव्हा शिवणीच्या दोन बाजूंचे थर वेगवेगळ्या दिशांनी कललेले आढळले. वाद त्याने मिटला नाही, पण शिवण किती खोल जाते ते दिसले.

दुसरा थांबा गोंडवनचा. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीपासून जमीन ताणली जाऊ लागली आणि खचदऱ्या पडल्या. त्या कुठेही पडल्या नाहीत. सातपुड्यातली दरी नर्मदेच्या रेषेला धरून पडली. वर्धा-प्राणहिता-गोदावरीची दरी बस्तर आणि धारवाडच्या ढालींमधल्या सांध्यावर पडली. त्या दऱ्यांत जंगले गाडली गेली. चंद्रपूर, उमरेड-कामठी, पेंच-कन्हान यांचा कोळसा जिथे आहे तिथे असण्याचे मूळ कारण त्याच्याही आधीच्या अब्जावधी वर्षांत आहे. विदर्भातल्या औष्णिक वीजकेंद्रांची जागा ठरवण्यात बस्तरच्या ढालीचा हात आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल, पण ती फार मोठी नाही.

तिसरा थांबा लाव्ह्याचा. नर्मदा-तापी पट्ट्यात लाव्ह्याने भरलेल्या उभ्या भेगांचा, म्हणजे डाइकांचा, मोठा समूह आहे आणि त्यातल्या बहुतेकांची दिशा पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य, म्हणजे जुन्या शिवणीचीच. कातळ फुटायचा झाला तो जुन्या वळणाने फुटला. चौथा थांबा गाविलगडचा. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीने जिंकलेला चिखलदऱ्याजवळचा हा किल्ला ज्या कड्यावर आहे, त्या कड्याच्या पायथ्यापासून पूर्णेचा सपाट गाळाचा प्रदेश सुरू होतो. कडा आणि मैदान यांच्यामधून गाविलगडचा प्रस्तरभंग जातो. त्याच रांगेत पूर्वेकडे अतिप्राचीन काळी खोलवर मऊपणे घासला गेलेला पट्टा सापडतो. नव्या भंगाने जुन्याची वाट धरली. या भंगावरच मोर्शी तालुक्यातली साळबर्डी आहे, महानुभाव वाङ्मयाच्या वाचकांना चक्रधरस्वामींच्या संदर्भात परिचित असलेली. तेथे उन्हाळे आहे, म्हणजे गरम पाण्याचा झरा, आणि लाव्ह्याखालचे गोंडवनचे व त्याहून जुने खडक तेथे वर उचललेले दिसतात. स्वामींना एकांत देणारी ती दरी आणि तो झरा दोन्ही त्या भंगाची देणगी.

पाचवा थांबा आमच्या हयातीतला. सुमारे पाच कोटी वर्षांपासून भारत आशियाला धडकत आहे आणि अजून वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. या रेट्याने हिमालय उभा राहतो. पण रेटा केवळ हिमालयातच थांबत नाही, अख्ख्या उपखंडाच्या अंगातून तो जातो. पूर्वी ताणाने पडलेल्या खचदऱ्यांच्या कडा आता दाबाखाली आल्या. खाली घसरलेला ठोकळा त्याच भेगेवरून उलटा वर ढकलला जाऊ लागला. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरले, तीव्रता ५.८, मृत सुमारे चाळीस, पडलेली घरे हजारो. केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल, नर्मदेच्या दक्षिण भंगावर. एवढ्या खोलीवर खडक सहसा तापून मऊ पडलेला असतो. तो तडकला याचेच तज्ज्ञांना नवल वाटले. त्याआधी १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात असाच खोल धक्का बसला होता. कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ रोजी जे झाले त्याचीही जात हीच: डायनोसॉरांच्या काळात ताणाने पडलेल्या दरीचे भंग दाबाने उलटे चालले.

आमच्या पिढीने भूगोलाच्या पुस्तकात दख्खनचे पठार ‘स्थिर’ असल्याचे वाचले होते. वाक्य गुळगुळीत होते, परीक्षेत गुण मिळत. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेने त्याला पहिला तडा दिला. तेव्हा धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवता आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत ते वाक्य हजारो माणसांवर कोसळले. किल्लारीला नर्मदेसारखी ठळक रेषा नव्हती. भूकंपानंतर तेथे छिद्र पाडले तेव्हा सुमारे ३३८ मीटर लाव्ह्याखाली जुना खडक लागला. त्या खडकातली भेग आधीची की नवी यावर संशोधकांत वाद झाला. लाव्ह्याने वरचे सगळे झाकले होते एवढे निश्चित. ‘स्थिर’ या शब्दाचा जनक कोणी एक नाही, पण वेस्ट यांचे १९३६ आणि १९६२ चे लेखन छापील स्वरूपात उपलब्ध असताना तो शब्द पाठ्यपुस्तकात इतकी वर्षे राहिला, याचे आम्हां अध्यापकांना थोडे तरी वाईट वाटायला हवे. शेणामातीच्या, जाड दगडी भिंतींच्या घरांत झोपलेल्यांना पुस्तकाने सांगितले होते की खालची जमीन हलत नाही.

दुसऱ्या टोकाला जाण्याचाही मोह होतो. सगळेच जुन्या भेगांनी ठरते असे म्हटले की भूविज्ञान पत्रिकेसारखे होते. तसे नाही. जुनी भेग नव्या रेट्याला सोयीच्या कोनात असेल तरच ती चालते. नसेल तर खडक नवी भेग पाडतो. जे. तुझो विल्सन यांनी १९६६ साली ‘नेचर’मध्ये विचारले होते की अटलांटिक एकदा मिटून पुन्हा उघडला का. उत्तर होकारार्थी आले, परंतु दुसऱ्यांदा तो जुन्या शिवणीवर तंतोतंत उघडला नाही. शिवणीपलीकडचे, मूळचे अमेरिकेकडचे काही तुकडे युरोपच्या पदरात राहून गेले. स्कॉटलंड त्यांतलाच. हिस्लॉप यांचे डन्स त्या मिटलेल्या महासागराच्या शिवणीपासून उत्तरेला थोड्याच अंतरावर आहे, याची गंमत त्यांना सांगायला हवी होती. त्यांच्या काळात ती कोणालाच ठाऊक नव्हती.

आता ढगाचा शेवटचा टप्पा. हिमालय नवा पर्वत, तेव्हा त्याने तरी आपल्या मनाने वाढावे अशी अपेक्षा. पण त्याच्या पोटात सरकतो आहे तो भारताचाच प्राचीन खडक, आणि तो सपाट नाही. गंगेच्या गाळाखाली जुन्या खडकाचे कणे दडलेले आहेत: अरवलीचा दिल्ली-हरिद्वार कणा, बुंदेलखंडाचा फैजाबाद कणा, आणि पूर्वेला मुंगेर-सहरसा कणा. हे कणे हिमालयाला जवळजवळ आडवे जातात आणि त्याच्याखाली शिरतात. हिमालयाचे भूकंप त्याच्या संपूर्ण लांबीभर एकदम होत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी होतात. हे तुकडे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात यावर या आडव्या कण्यांचा प्रभाव आहे असे अनेक संशोधक मानतात. १५ जानेवारी १९३४ चा बिहार-नेपाळ भूकंप मुंगेरपासून काठमांडूपर्यंतची शहरे पाडून गेला. त्यावरचा सर्वेक्षणाचा १९३९ चा प्रबंध ज्या चौघांनी लिहिला त्यांत जॉन बिक्नेल ऑडन होते, कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे थोरले बंधू. ‘द असेंट ऑफ एफ सिक्स’ हे पर्वतारोहणावरचे नाटक कवीने याच भावाला अर्पण केले आहे. इंग्रजीचे आमचे सहकारी ते नाटक शिकवतात; अर्पणपत्रिकेतला जॉन कोण हे वर्गात विचारून पाहावे. याच जॉन ऑडन यांनी १९४९ साली पश्चिम भारतातल्या डाइकांवर, म्हणजे आमच्या तिसऱ्या थांब्यावर, लेख लिहिला.

मुंगेर-सहरसा कण्याचा खडक छोटा नागपूरच्या पट्ट्याचा मानला जातो, आणि तो पट्टा म्हणजे आमच्या सातपुड्याच्या जुन्या पर्वताचाच पूर्वेकडचा विस्तार, असे अनेक भूवैज्ञानिकांचे मत आहे. तसे असेल तर रामटेकच्या डोंगराचे भाऊबंद जमिनीखालून हिमालयापर्यंत गेलेले आहेत, ढगापेक्षा सरळ वाटेने, उज्जयिनीचा वळसा न घेता. पुढच्या सहलीत त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर गडाच्या पायऱ्यांवरच द्यावे, आणि मग यक्षाकडे वळावे, असा आमचा बेत आहे. ती स्वतः आता भंडाऱ्याकडच्या एका शाळेत मराठी शिकवते. तिच्या वर्गाच्या खिडकीतून म्हणे चिखल्याची टेकडी दिसते.